सव्वासहातून पावणेचार

माझा नवरा वैजीनाथ आधी हाणायचा आणि मग विचार करायचा. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत तो शेजारच्या गावातल्या दलित वस्तीवर कुऱ्हाड घेऊन गेला होता. त्या लोकांनी त्याचं काय वाकडं केलं होतं, हे त्याला कधीच सांगता आलं नाही. म्हणून पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात तो “दादाचे हात तोडतो” म्हणाला, तेव्हा ती नुसती धमकी नव्हे, हे मला कळलं.

दादा म्हणजे माझे मोठे दीर, मुंजाजी. दोघा भावांत विहीर एक, मोटार एक. लाईट सकाळी सहाला यायची आणि सव्वाबाराला जायची, म्हणजे सव्वासहा तास. दादांचं रान जास्त, म्हणून त्यांचे पावणेचार तास ठरलेले. उरलेलं पाणी आमच्या गव्हाला. दादा पावणेदहाच्या ठोक्याला पाणी आमच्याकडं वळवायचे. आम्हाला अडीच तास मिळायचे, पण वैजीनाथच्या हिशेबानं ते साडेतीन व्हायला पाहिजे होते.

“सहातून तीन गेले, तीन. पाऊणातून पाव गेला, अर्धा,” तो कुऱ्हाडीला धार लावत म्हणाला. “माजा एक तास दादा खायलाय.”

दादा त्या वेळी विहिरीवर एकटेच होते. मी चुलीपुढून उठले. दुरडीत सहा भाकरी होत्या आणि पोरीनं उष्टा टाकलेला एक चतकोर तुकडा. ती दुरडी मी त्याच्यापुढं आदळली.

“हे सव्वासहा. यातून पावणेचार काढा.”

त्यानं तीन भाकरी बाजूला ठेवल्या. मग पाऊण काढायला हात घातला आणि थांबला. सुटा तुकडा एकच होता.

“पावातून पाऊण कसा जाईल? अख्खी मोडा की!” मी ओरडले.

त्यानं एका भाकरीचे चार तुकडे केले. आधीचा धरून पाच चतकोर झाले. त्यातले तीन काढले. दुरडीत दोन अख्ख्या भाकरी आणि दोन चतकोर राहिले. अडीच. त्यानं बोट लावून पुन्हा एकदा मोजलं. मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

“बरोबर हाय तुजं,” तो म्हणाला आणि कुऱ्हाड घेऊन उठला.

“मग आता कुठं निघालाव?”

“पारावर समद्यांसमोर बोलून बसलोय. आता माघारी फिरलो तर गाव मला बांगड्या भरंल.”

मग मात्र माझी सटकली. चुकलेल्याला समजावता येतं. हा तर सगळं कळून सख्ख्या भावाला तोडायला निघाला होता. मी कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि त्याच्या उजव्या हातावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज आला. कुऱ्हाड खाली पडली. डाव्या हातानं त्यानं माझ्या तोंडावर अशी ठेवून दिली, की दात तुटून जिभेवर आला. मी रक्त थुंकले आणि दुसरा टोला गुडघ्यावर हाणला, तसा तो खाली कोसळला.

बोंब ऐकून दादाच धावत आले. त्यांनीच त्याला बैलगाडीत घालून जिंतूरच्या दवाखान्यात नेलं. मीही तोंडाला पदर लावून सोबत गेले.

मारहाणीची केस म्हणून हवालदार आला. “कुणी मारलं?”

वैजीनाथनं माझ्याकडं पाहिलं, मान फिरवली आणि दादांकडं बोट केलं. बायकोच्या हातचा मार खाल्ला म्हणायची त्याला लाज वाटली. भावाला आत घालायची वाटली नाही.

हवालदारानं त्यांचा दंड धरला, तशी मी पदर सोडून पुढं झाले.

“म्या मारलं, साहेब. मुसळानं. लिवा माजं नाव,” मी फुटक्या तोंडानं म्हणाले. “आन् गावात बी मीच सांगणार हाय, ह्याला कुणी मारलं ते.”