निवळलेलं पाणी

हंड्याभोवती दीडशे माणसं श्वास रोखून उभी होती. आत आमच्या वस्तीच्या बोअरचं पाणी, चहासारखं गढूळ. महाराजांनी लाकडी दांडी बुडवून गरगर फिरवली, हंड्यावर झाकण ठेवलं आणि गर्जले, "कारखान्याची बाधा, उतर खाली! पोटातली कळ, उतर खाली!" अर्धा तास हेच पालुपद. मग झाकण काढलं, तर हंड्याच्या तळाचा पोचासुद्धा दिसावा इतकं पाणी नितळ! माझी ताई तर त्यांच्या पायाच पडली.

तिचं तरी काय चुकलं? भिंतीपलीकडच्या कारखान्यात जुन्या बॅटऱ्या वितळवायला लागल्यापासून पोरं पोट धरून बसायची. ताईची आठ वर्षांची छकुली परवा मला म्हणाली, "मावशी, ते दे ना... ते... ज्यानं लिहितात ते." पेन्सिल हा शब्द तिला आठवेना. मी दवाखान्यात रक्त तपासते. बॅटऱ्यांतलं शिसं पोरांच्या मेंदूवर जातं, हे मला ठाऊक होतं. तिचं रक्त आणि पाण्याच्या दोन बाटल्या, एक बोअरची, एक महाराजांच्या हंड्यातली, मी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवल्या.

तिन्हींत शिसं निघालं. दोन्ही बाटल्यांत जवळजवळ सारखंच.

"छकुलीला महाराजांचं पाणी रोज तीन पेले देतेय गं," ताई म्हणाली. "अगदी स्वच्छ असतं."



पुढच्या बैठकीत मी सरळ पुढे जाऊन दांडी हिसकावली आणि टोकाला जीभ लावली. जीभ आवळून आली. टोकाच्या खाचेत तुरटीचा खडा बसवला होता.

"श्रद्धा नसेल तर पाण्याचं विष होतं, बाई!" महाराज ओरडले.

"विष आधीपासूनच आहे!"

मी न्हाव्याकडून तुरटी मागवली आणि दुसऱ्या हंड्यात फिरवली. मंत्र नाही, गर्जना नाही. अर्ध्या तासानं तेही पाणी नितळ झालं. महाराज तोवर पसार झाले होते.

"म्हणजे गाळ बसला, आणि शिसं?" ताईनं विचारलं.

"विरघळलेलंच राहिलं."

ती हंड्याकडे बघत म्हणाली, "माझ्याच हातानं पाजलं गं मी तिला."

बोअरला आता कुलूप आहे, टँकर येतो. छकुलीचं पोट दुखायचं थांबलंय. हरवलेले शब्द परत येतील का, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

शिसं डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, उकळून जात नाही. तुमच्या शेजारी असा कारखाना असेल, तर पाणी कितीही नितळ दिसो, आधी तपासून घ्या. पोरांना पाजायच्या आधी.