सात मिनिटं मागे

घड्याळजीनं स्टूल भिंतीशी सरकवलं, चपला काढल्या आणि वर चढून शाळेच्या घड्याळाची काच उघडली.

"बाबा, ते आपलं नाहीये," मुलगी खालून म्हणाली. पण एवढं म्हणायलाही तिनं नेहमीसारखा वेळ घेतला, आणि तोवर बाबांनी काटा सात मिनिटं पुढे नेलाही होता.

"नसू दे. चुकीचं घड्याळ दिसलं की माझे हात शिवशिवतात."

घड्याळ मात्र झकास होतं. लांबट लाकडी पेटी, पितळी लंबक, तासातासाला टोले. असल्या घड्याळाला सात मिनिटं मागे ठेवणाऱ्यांचा त्याला मनापासून राग आला. काच पुसून, मनगटावरच्या घड्याळाशी पुन्हा एकदा मेळ घालून तो खाली उतरला.

मुलीच्या प्रवेशासाठी बघायला आलेल्या या शाळेत बाकी नाव ठेवायला जागा नव्हती. त्याची बायको इस्पितळात नर्स. तिला सकाळपाळी होती, म्हणून तिनं कागदावर लिहून दिलं होतं: 'आधी स्वच्छतागृह बघा, मग पाण्याची टाकी, मग हेडबाई. बोलण्यात माणसं गुंडाळतात, नळ गुंडाळत नाहीत.' त्यानं सगळं पाहिलं. स्वच्छतागृह धुतलेलं होतं, टाकीला झाकण होतं. वाचनालयातली पुस्तकं पार खिळखिळी झालेली होती, म्हणजे ती कपाटात नुसती मिरवत नव्हती. सरकारी शाळा म्हणून त्याच्या मनात जी धाकधूक होती, ती निम्मी उतरली. अडलं ते घड्याळापाशी. जिथे वेळेचाच पत्ता नाही, तिथे मुलांना वळण काय लागणार?

आणि वळणाची गोष्ट त्याच्या घरात नाजूक होती. मुलगी अकरा वर्षांची, आता सहावीत जायची. जेवण सावकाश, लिहिणं सावकाश, बोलणं तर विचारूच नका. मामानं लाडानं तिचं नाव 'निवांतबाई' ठेवलं होतं. जुन्या शाळेत ते नाव पोचलं, पण लाड वाटेतच राहिला. तिनं उत्तराला तोंड उघडायच्या आत वर्ग "सुटली, गाडी सुटली!" म्हणून ओरडायचा. गेल्या वर्षभरात तिनं तिथे तोंड उघडणंच सोडून दिलं. त्या शाळेचं नाव काढलं की ती समोरचं ताट बाजूला सारायची.

दुसऱ्या एका नावाजलेल्या शाळेत प्रवेशपरीक्षा झाली. वीस मिनिटं, चाळीस प्रश्न. तिनं अकरा सोडवले. अकराच्या अकरा बरोबर. "मुलगी हुशार आहे," तिथले साहेब म्हणाले, "पण आमच्या वेगात बसणार नाही." तेव्हा आता ही शाळा, नाहीतर पुन्हा ते बाजूला सारलेलं ताट.

बापानं आपल्यापरीनं एक उपाय शोधला होता. मुलीला कुणी काही विचारलं की उत्तर तो द्यायचा. नाव, वय, आवडता रंग, सगळं. समोरच्याचा खोळंबा नको, एवढाच हेतू.

नळ बंद करून, हात पुसत शिपाईमामा आले. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि दचकलेच.

"आठ वाजले?"

घड्याळानं आठ टोले दिले. मामांनी पळत जाऊन घंटा बडवली.

पुढे जे झालं ते पाहून घड्याळजीला आधी गंमत वाटली. एक शिक्षक चहाचा कप घेऊनच खोलीबाहेर धावले, दुसऱ्या बाई एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात विंचरायचा कंगवा घेऊन. मुलं मैदानातून हुर्र करत वर्गात घुसली. हजेरी सुरू झाली आणि जवळच्याच वर्गातून आवाज आला, "अरे, निम्मा वर्ग कुठे गेला?"

पाच मिनिटांनी फाटकाशी बस थांबली. तीस-पस्तीस मुलं उतरली आणि मैदान रिकामं पाहून जागच्या जागी उभी राहिली. त्यांच्याबरोबर एक बुटक्या, पिकल्या केसांच्या बाई होत्या, हातात कुणाची तरी पाण्याची बाटली, खांद्यावर कुणाचं तरी दप्तर. सगळ्यात लहान मुलीचा ओठ थरथरायला लागला.

"हेडबाई, आम्ही उशिरा आलो?"

"छे. या शाळेत उशिरा कुणी येतच नाही," हेडबाई म्हणाल्या आणि त्यांची नजर वऱ्हांड्यातल्या घड्याळाकडे गेली. "मामा, याला काय झालं?"

मामांनी खांदे उडवले. घड्याळजी पुढे झाला आणि शाळकरी पोरासारखा हात बांधून उभा राहिला.

"मी पुढे केलं. मागे होतं म्हणून. माझा धंदाच तो आहे."

हेडबाई अशा हसल्या की खांद्यावरचं दप्तर खाली आलं.

"अहो, ते मुद्दाम मागे ठेवलंय! ही मुलं डोंगरापलीकडून येतात. बस आठ वाजून पाचला पोचते. तीन वर्षं बसवाल्यांना पत्रं लिहिली, ढिम्म हलले नाहीत. पोरं रोज उशिराच्या वहीत. रोज मान खाली. मग म्हटलं, बस ऐकत नाही ना, घड्याळ तरी ऐकेल. शाळा सुटतेही सात मिनिटं उशिरा, कुणाचा अभ्यास बुडत नाही."

आयुष्यभर घड्याळजीनं घड्याळं वेळेवर आणली होती. माणसांसाठी घड्याळ मागे थांबवता येतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या जोडीनं एक मोठा आनंदही झाला.

"करतो मागे," तो म्हणाला. "पण एक अडचण आहे. टोल्यांच्या घड्याळाचा काटा उलटा फिरवत नाहीत, आतली चाकं बिघडतात. लंबक धरून ठेवायचा आणि वेळ जाऊ द्यायची. सात मिनिटं."

"मग थांबू की सात मिनिटं," हेडबाई म्हणाल्या. "मामा, घंटा झालीच नाही असं समजा. सगळ्यांना बाहेर बोलवा."

शाळा पुन्हा बाहेर आली. वऱ्हांडा मुलांनी भरून गेला. स्टुलावर उभा राहून, दोन बोटांत लंबक धरून आणि डोळे मनगटावर खिळवून एक माणूस सेकंद मोजतोय, हा तमाशा त्यांना फुकटात मिळाला होता. "काका, हात दुखला तर सांगा!" कुणीतरी ओरडलं. चहावाले सर उरलेला चहा प्यायला लागले.

हेडबाई पायरीवर बसल्या. मुलीला त्यांनी शेजारी जागा करून दिली.

"तू नवी ना? तुला या शाळेबद्दल काय विचारायचंय?"

घड्याळजीचं तोंड सवयीनं उघडलं. पण बोलला असता तर मोजणी चुकली असती. तो गप्प बसला आणि मनातल्या मनात घाबरला. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. मुलगी बुटाच्या नाडीकडे बघत होती. हेडबाईंनी प्रश्न पुन्हा विचारला नाही, सोपा केला नाही, "लाजू नकोस" म्हटलं नाही. ओठ थरथरणारी ती लहान मुलगी येऊन पलीकडे बसली आणि तीही वाट बघायला लागली.

"बस," मुलगी म्हणाली. मग थांबली. कुणी काही ओरडलं नाही. "बस आणखी उशिरा आली, तर?"

हेडबाईंनी भुवया वर केल्या. "हा विचार मी केला नव्हता. थांब हं. मला जरा वेळ दे."

आणि त्या खरंच विचार करत बसल्या, हनुवटीखाली मूठ धरून.

मुलीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मोठ्या माणसाला असा वेळ लागलेला तिनं पहिल्यांदाच पाहिला असावा. मग तीच बोलायला लागली. बसमधल्या एखाद्यानं डोंगरावरून आरसा चमकवला, तर बस मागे आहे हे इथे कळेल. ऊन नसेल तर? तर मग शिट्टी. लहान मुलगी म्हणाली, शिट्टी तिच्या भावाकडे आहे. हेडबाईंनी विचारलं, आरसा केवढा लागेल? मुलीनं हातांनी माप दाखवलं, मग ते चुकलंय असं वाटून पुन्हा दाखवलं. वाक्यं सावकाश येत होती, मध्ये मोठाली अंतरं पडत होती, आणि एकही वाक्य अर्धं राहत नव्हतं. एवढं सलग बोलताना बापानं तिला वर्षभरात ऐकलं नव्हतं. त्याला समोरचं नीट दिसेना. लंबकाला एक हात, घड्याळ बघायला दुसरा; डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

मुलं चुळबुळायला लागली. मामा स्टुलापाशी आले.

"काय हो, झाली का सात मिनिटं?"

पायरीवर मुलगी अजून बोलत होती. घड्याळजीनं लंबक सोडला नाही.

"झाली असतील," तो म्हणाला.