दाट पाजण्याचा मान

सिनापातींच्या चुलीवरून पातळ पेय आजवर कुणाच्या पुढ्यात गेले नव्हते. त्या महिला समितीच्या प्रमुख होत्या. लांब होडीच्या शर्यतीसाठी वल्हेकरी गावाच्या मोठ्या घरात मुक्कामाला आले, की त्यांचे खाणेपिणे सिनापातींच्याच हुकमाने चाले. पातळ कोको देणाऱ्या बाईला सारा सामोआ नावे ठेवतो, असे त्या सुनांना बजावत. म्हणूनच होडीचा कप्तान, त्यांचा भाचा लाउफिली, राजधानी आपियाहून खेळाडूंच्या पेयाची निळी पावडर घेऊन आला, तेव्हा बाटलीमागे एक माप सांगितलेले असूनही त्यांनी तीन मापे घालायला लावली.

सरावाच्या दिवशी होडी अर्ध्या वाटेतच मंदावली. निम्मे वल्हेकरी पोट धरून बसले, आणि शेजारच्या गावाची होडी गाणी म्हणत पुढे निघून गेली.

लाउफिली ओल्या कपड्यांनीच चुलीपाशी आला. "आत्या, तुमच्या पाकानं पोरांना आडवं केलं!"

"पाक? अरे, जीव ओतलाय त्यात!"

"जीव राहू द्या, पाणी ओता. एवढी साखर झाली की पाणी पोटातच डचमळत राहतं. घामातून गेलेलं भरून कधी यायचं?"

"आणि पातळ पाजलं तर? सिनापाती म्हातारपणी चिक्कू झाली म्हणतील!"

"मग शर्यत हरलो तर काय म्हणतील?"

सिनापातींनी एक माप घालून बाटली हलवली, घोटभर चाखली आणि तोंड वाकडे केले.

"भांडी विसळल्याचं पाणी!"

तरीही संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर साऱ्या बायकांसमोर त्या ताठ उभ्या राहिल्या. "यापुढं एकच माप. कुणी नाव ठेवलं तर सांगा, हुकूम माझा आहे. आणि सूनबाई टोएफा, पंख्याआड हसतेस काय? पहिली बाटली तूच भर."

शर्यतीच्या सकाळी ऊन रणरणत होते. शेजारच्या गावच्या लागीबाईंनी फिकट बाटल्या पाहून टोमणा मारलाच, "काय गं, तुमच्याकडची साखर संपली वाटतं?"

"संपली कशानं? जिंकल्यावर लागेल म्हणून राखून ठेवलीय."

सिनापाती बोलून तर गेल्या. पण होड्या परतीच्या वळणावर दिसेपर्यंत त्यांच्या हातातला पंखा हलला नाही. मग वल्ही एका तालात उचललेली दिसली. पोट धरून कुणीच बसले नव्हते. शेजारची होडी मागे पडली होती.

किनाऱ्याला लागताच लाउफिली ओरडला, "आत्या, जिंकलो! आता तरी दाट पाजाल ना?"

उत्तर द्यायला सिनापाती तिथे होत्याच कुठे? त्या केव्हाच चुलीकडे वळल्या होत्या. कोको उकळत होता, आणि त्यात चमचा उभा राहतो की नाही, हे त्या स्वतः पाहत होत्या.