दीड बाहीचा प्रवास

"चौदा तास म्हणजे पुढचा भाग, पाठ आणि दोन्ही बाह्या," सिस्टर लोकरीचे गुंडे पिशवीत कोंबत म्हणाल्या.

"अगं, विमान आहे ते. तुझी रात्रपाळी नाही!" नवऱ्याने कपाळावर हात मारला.

पण सिस्टरांचं घड्याळ विणकामावरच चालायचं. प्रसूतीच्या वॉर्डात उभी हयात गेली. कळा सुरू झालेल्या बाईच्या उशाशी बसून त्या विणायच्या. पहिलटकरीण असेल तर टोपडं आणि मोजे, दुसरं बाळंतपण असेल तर नुसतं टोपडं, आणि अंदाज सहसा चुकायचा नाही. गावभरची पोरं जगात आली ती त्यांच्या हातात. स्वतःचा नातू मात्र दीड वर्षाचा झाला तरी फोनच्या काचेतच होता. तो आपल्याकडे येईल, की परकी बाई समजून भोकाड पसरेल, या काळजीने त्यांची झोप उडाली होती. म्हणून हा स्वेटर.

विमानात नवरा घोरत होता, खाली समुद्र संपता संपत नव्हता आणि सिस्टरांच्या लाकडी सुया चालल्या होत्या. पाठ आणि पुढचा भाग जोडून झाला, एक बाही झाली. दुसरी खांद्यापासून कोपरापर्यंत आली आणि वैमानिकाने बातमी दिली, वारा पाठीशी असल्यामुळे आपण दोन तास आधी पोहोचतोय. सगळं विमान खूश झालं. सिस्टर तेवढ्या भडकल्या.

"एवढी कसली घाई! सांगितलेल्या वेळेला काही अर्थ आहे की नाही?"

"वाऱ्यावर रागावणारी बाई पहिल्यांदाच बघतोय," नवरा जांभई देत म्हणाला.

बाहेर मुलगा, सून आणि सुनेच्या पायांना बिलगलेला नातू उभा होता.

"बघ, कोण आलंय? आजी!" सून म्हणाली.

त्याने एकदा पाहिलं आणि तोंड लपवलं. सिस्टरांचे हात आपोआप पुढे झाले. पण बुजलेल्या पोराला ओढून घ्यायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या समोरच्या बाकावर बसल्या आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात अर्धी बाही विणायला लागल्या.

गुंडा मांडीवरून निसटला आणि घरंगळत नातवाच्या बुटांशी गेला. त्याने तो उचलला, ओढला. सुई सुटली. टाके पटापट उसवायला लागले तसा तो खिदळला आणि आणखी ओढू लागला.

"अरे, सोड! आई, अगं तुझी सगळी मेहनत..." मुलगा पुढे धावला.

"मध्ये पडशील तर खबरदार! ओढू दे त्याला." सिस्टरांना हसू आवरत नव्हतं.

हा धागा येतो तरी कुठून, ते बघायला तो एक पाऊल पुढे आला. मग आणखी एक. बाही पार खांद्यापर्यंत उसवली तेव्हा तो आजीच्या गुडघ्याला टेकून उभा होता. सिस्टरांनी स्वेटर अलगद त्याच्या डोक्यातून घातला आणि त्याला उचलून घेतलं. तो रडला नाही.

"आता दुसरी बाही कधी?" सुनेने विचारलं.

"परतताना वारा समोरून असतो म्हणे," नवरा म्हणाला. "तेव्हा वेळच वेळ."

सिस्टरांचं लक्षच नव्हतं. नातवाचा लोकरीतला हात त्यांच्या खांद्यावर होता, आणि उघडा हात त्यांच्या गळ्यात.