सुई खाली, म्हणून पाईप खाली?

बिडकीनजवळच्या कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात त्या दिवशी जत्राच भरली होती. कामगार, कंत्राटदार, कँटीनचा आचारी, झाडून सगळे एका पाईपापुढं हात जोडून उभे. पाईपाला हार, नटांना हळदकुंकू, खाली लिंबू. फक्त रेवड्यांचं दुकान तेवढं कमी!

पाईपात म्हणं बया बसली होती. मागल्या महिन्यात बद्रीनाथनं जोड खोलला अन् तिनं उकळतं कॉस्टिक त्याच्या तोंडावर थुंकलं. तो अजून पट्ट्या बांधून दवाखान्यात. आज तोच जोड खोलायची पाळी गोकुळ फिटरची. बायकोनं, सोनियानं, सकाळीच बजावलं होतं, "नोकरी दुसरी भेटंल, डोळे नाय भेटायचे." म्हणून गोकुळ सगळ्यात म्होरं हात जोडून.

मॅनेजर व्यंकटराव इंजिनिअर माणूस. भिंतीवर डिग्री, मनगटात गंडा. पाईप रीतसर रिकामा करायचा तर अख्खा दिवस जातो; त्यानं बोलावलेला मांत्रिक रामकिसनबाबा चहा निवायच्या आत मोकळा करतो!

बाबानं दाबाच्या घड्याळाखाली लाल फडकं गुंडाळलं, आत हात घातला, डोळे फिरवले.

"ओम् नट फट्! बोल्ट फट्! गॅस्केट फट् स्वाहा!"

फडक्यात 'फुस्स' झालं. सुई सरसर शून्यावर.

"गेली! बया गेली!" बाबा गरजला. "सुई खाली, म्हणजी पाईप खाली. खोल लेका!"

इकडं रिकाम्यालाबी खालीच म्हणत्यात, त्यामुळं सगळ्यांना ते वेदवाक्य वाटलं. गोकुळनं नटाला पाना लावला.

"गोकुळदादा, पाना खाली ठेवा!"

सेफ्टीवाली मनस्विनी मॅडम. बद्रीनाथला भेटून थेट दवाखान्यातून आली होती. तिनं फडकं ओढलं. आत घड्याळाखाली बोटाएवढी कळ, आडवी केलेली. तिनं ती उभी केली. सुई टुणकन वर!

"आली! बया आली!" लोक मागं पळाले.

मॅडमनं कळ आडवी केली. फुस्स. "घ्या, गेली." उभी केली. "घ्या, आली."

"बया हाय का काळीपिवळी?" आचारी म्हणाला. "सारखी ये-जा करती!"

"कळ आडवी केली, की घड्याळ पाईपापासून तुटतं," मॅडम म्हणाली. "घड्याळातला दाब फुस्स करून जातो. पाईप भरलेलाच राहतो. बाबा बॉयलरवर कामाला होते ना? त्यांना पक्कं ठाऊक."

गोकुळनं मोठ्या अदबीनं पाना पुढं केला. "बाबा, कळ परत आडवी करतो. सुई खालीच हाय. पहिला नट तुमच्या हातानं व्हऊ द्या."

बाबाला एकदम आठवलं, पाचोडला एक भूत कवाचं ताटकळलंय. चपला तिथंच राहिल्या.

मग दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद झाले. कुलपं लागली, किल्ली गोकुळच्या खिशात. खालची निचऱ्याची तोटी उघडली, तर थेंब नाय.

"बघा! रिकामाच होता!" व्यंकटराव खुलले.

"सर, तोटी तुंबलीय. गप बसलेला माणूस उपाशीच असतो, असं नाही," मॅडम म्हणाली.

सगळ्यांना लांब करून गरम पाण्यानं तोटी मोकळी केली. अन् भसाभसा उकळतं कॉस्टिक त्या लिंबावर पडलं. लिंबाचा लगदा झाला. गोकुळ त्याकडं बघत राहिला. हात नकळत डोळ्यांवर गेला.

तर बाबांनो, सुई खाली अन् पाईप खाली, ह्यात दोन डोळ्यांचं अंतर हाय. बयेला भिऊ नका, भरल्या पाईपाला भ्या. कुलूप स्वतः लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा, निचरा झाल्याबिगर पान्याला हात लावू नका. अन् गंडा बांधायचीच लई हौस असंल, तर घरच्या गळक्या नळाला बांधा. तिथं निदान कुणाचं तोंड भाजत नाय.