बारा टक्के कमी
मुंबईहून पाकीट आलं तेव्हा १९७९चा फेब्रुवारी चालू होता. आत शिसपेन्सिलीच्या तुकड्याएवढ्या तीन कुप्या, त्यांत किरण टिपून ठेवणारी पांढरी पूड, आणि एक पत्र: रोग्याला देता तेवढेच किरण या कुप्यांना द्या आणि परत पाठवा, तुमच्या यंत्रातून नेमके किती पडतात ते आम्ही मोजून कळवू.

नागपूरच्या त्या कॅन्सर रुग्णालयात किरणांचं मोजमाप विश्वनाथकडे असे. पस्तिशीचा, कामाला चोख. किरण देणाऱ्या कोबाल्टच्या यंत्रापुढे सकाळी सातपासून रोग्यांची रांग लागे. कुप्यांसाठी यंत्र अडवायचं कसं, असं त्याने विभागप्रमुख डॉक्टर पुष्पलताबाईंना सांगितलं. ते खरंही होतं. पण मनात दुसरंच होतं: माझी परीक्षा घेणारे हे कोण? पाकीट कपाटात गेलं.

ऑक्टोबरात स्मरणपत्र आलं, तेव्हा एका रविवारी त्याने कुप्यांचं काम उरकलं. डिसेंबरात उत्तर आलं. त्याने धरलेल्या आकड्यापेक्षा किरण बारा टक्के कमी पडत होते.

"त्यांचंच चुकलं असेल," तो म्हणाला. बाईंनी पत्र त्याच्यापुढे सरकवलं.

त्याने जुने कागद काढले. जानेवारीत यंत्रात नवा कोबाल्ट बसवला होता. कोबाल्टची ताकद आपोआप उतरत जाते, वर्षाला बारा टक्के. सोबतच्या दाखल्यावर ताकद लिहिली होती आणि खाली बारीक अक्षरांत ती मोजल्याची तारीख: आदल्या वर्षीचा जानेवारी. माल वर्षभर बंदरात पडून होता. विश्वनाथने ती ताकद बसवल्या दिवसाची धरली होती. मापयंत्र दुरुस्तीला गेलेलं, म्हणून पडताळाही घेतला नव्हता.

"चालू रोग्यांची किरण देण्याची वेळ आजपासून वाढव," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांना तपासणीसाठी कार्डं टाकू."

"कार्ड वाचून कोण येईल? मी जातो."

"जा. पण कारण सांगू नकोस. लोक यायचेच बंद होतील."

कन्हानला रुपराव कोळशाच्या खाणीत कामाला होता. त्याची बायको रंभाबाई जूनमध्ये उपचार संपवून हसत घरी गेली होती. आता ती खाटेवर पडून होती, पाय सुजलेले.

"जय भीम, साहेब," रुपरावने खुर्ची पुढे केली. "दवाखान्यातून कोनी घरी येत नाही. तुम्ही काहून आले? खरं सांगा."

बाईंनी बजावलेलं विश्वनाथच्या लक्षात होतं. तरी तो म्हणाला, "माझ्या हातून चूक झाली. यांना किरण कमी पडले. शंभराच्या जागी अठ्ठ्याऐंशी."

"अन् हे तुमाले कवा समजलं?"

"गेल्या आठवड्यात. पण एप्रिलमध्येच समजलं असतं. तपासणीचं पाकीट मी आठ महिने कपाटात ठेवलं."

खाटेवरून रंभाबाईनेच विचारलं, "पुरे भेटले असते त मी बरी झाली असती का जी?"

"ते मला सांगता येत नाही. कोणालाच येणार नाही."

"आठ महिन्यांत एक दिवस नाही भेटला तुमाले?" रुपराव म्हणाला. आवाज चढला नव्हता.

विश्वनाथने तिला गाडी करून रुग्णालयात नेलं. पण रोग पसरला होता. मार्चमध्ये ती गेली. दर रविवारी तो गावोगाव हिंडला. बऱ्याच जणांना शोधून आणलं, काहींना पुन्हा उपचार देता आले. काही घरांत फोटोला हार घातलेला दिसला, तिथे तो उंबऱ्यातच थांबे. राजीनामा लिहिला, तो बाईंनी घेतला नाही. "नवा माणूस वर्षभर मिळणार नाही. तोवर रोग्यांना काय सांगू?"

पुढच्या दिवाळीनंतर रुपराव रुग्णालयात आला. सोबत त्याची बहीण सिंधूताई. तिच्या छातीत गाठ निघाली होती. तिला बाहेर बसवून तो सरळ विश्वनाथच्या खोलीत शिरला.

"आता बराबर मोजून राहिले न जी?"

"हो. स्वतः मोजतो, आणि दुसऱ्याकडूनही तपासून घेतो."

"मंग ठीक हाये. दुसरा दवाखाना कुठी हाये आमाले?"

विश्वनाथला रंभाबाईबद्दल काही बोलायचं होतं. त्याआधीच रुपराव बहिणीचा केसपेपर त्याच्या हातात देऊन बाहेर तिच्याजवळ जाऊन बसला.