अंगठ्याची हद्दपारी

बैठकीत उलुफालेंचा उजवा पाय पुन्हा लांब झाला आणि सुजलेला अंगठा थेट लाफाएलेंच्या नाकावर रोखला गेला. गावप्रमुखांच्या बैठकीत मांडी घालूनच बसायचं असतं. समोरच्या प्रमुखाकडे तळपाय करणं म्हणजे भर सभेत त्याला शिवी देण्यासारखं. उलुफालेंची बायको मोएलागी लांब झालेला पाय झाकायला चटई घेऊन बाहेर बसलीच होती. सभाघराला भिंती नाहीत, नुसते खांब, त्यामुळे आतलं सगळं तिला दिसतही होतं आणि ऐकूही येत होतं.

"उलुफाले, हे तुम्ही करताय की तुमचा अंगठा?" गावाच्या वतीने बोलणारे वक्ते लाफाएले यांनी काठी टेकत विचारलं.

"माझी काय बिशाद! मी त्याला सारखं सांगतोय, बाबा रे, आत हो. ऐकतो कुठे?"

"मग दंड अंगठ्यालाच."

"अंगठ्यालाच," सगळ्यांनी माना डोलावल्या.

दंड म्हणजे एक डुक्कर आणि बांगडा मासळीच्या डब्यांची खोकी. तो भरायचा घरच्यांनी. मग जमिनीतल्या भट्टीत डुक्कर भाजायचं आणि मानाप्रमाणे वाटे करायचे. पाठीचं मांस उलुफालेंच्या मानाचं, ते नाकारलं तर वाढणाऱ्याचा अपमान. म्हणून स्वतःचाच दंड ते बोटं चाटत खायचे. दोन रात्रींत अंगठा नीरफणसासारखा टम्म व्हायचा, पुढच्या बैठकीत पाय लांब व्हायचा, आणि पुन्हा दंड. भरलेला दंड खायचा आणि खाल्लेल्या दंडाच्या जोरावर नवा गुन्हा करायचा. यात गावात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

वाटत होतं ते मोएलागीला. दवाखान्यातली नर्स तेलेसिया तिच्या बहिणीची मुलगी. तिने परवाच रक्ताचा अहवाल आणून दाखवला होता.

"मावशी, हे मांस-मासळी पचलं ना, की मागे एक आंबट गाळ उरतो. तो मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा. काकांचा आतच तुंबतो आणि सांध्यात जाऊन त्याच्या सुया होतात. शरीराचे शिपाई त्या सुयांवर तुटून पडतात आणि मारामारीत आपलंच घर पेटवून देतात."

"म्हणून अंगठा तापतो होय?"

"अंगठा निदान बोंबलतो तरी. मूत्रपिंडं मुकाट्याने मरतात. अर्धी गेलीत, मावशी. आता आवरलं नाही, तर राजधानीत, आपियाला नेऊन रक्त गाळायच्या यंत्राला जोडावं लागेल, जन्मभर."

रोजच्या गोळीचं सांगायला गेलं, की उलुफाले म्हणायचे, "अगं, दुखत नाही त्या दिवशी गोळी घेऊन तिचा अपमान कशाला करायचा?" मोएलागी संध्याकाळच्या प्रार्थनेत हात जोडून एवढंच मागायची, की देवा, माझ्या माणसाच्या मूत्रपिंडांना जरा आवाज दे. देव ऐकत असणारच. पण मधल्या वेळात आपणही काही करायला हवं, असं तिला वाटू लागलं होतं.

ती आत आली आणि चटई पायावर पसरता पसरता हळू आवाजात म्हणाली, "दंडाने हा अंगठा काही सुधारत नाही. याला गावाबाहेर का काढत नाही?"

सभेत एकच गलका उठला.

"हद्दपार करायचा म्हणजे कापायचा की काय?"

"कापलं तर ती हत्या होईल!"

"आणि बाकीची बोटं? ती शेजारीच होती, त्यांनी त्याला अडवलं का?"

"उलुफाले तर निर्दोष आहेत, त्यांना कसं घालवणार?"

"त्यांना शिक्षा नकोच," मोएलागी म्हणाली. "त्यांनी पहारेकरी म्हणून जावं. डोंगरावर माझ्या भावाचा मळा आहे. कैदी पळून आला तर गावाची अब्रू जाईल."

"आणि वाट्याचं काय?" उलुफालेंनी घाईने विचारलं.

"गावाच्या शिवेबाहेर वाटा जात नाही," लाफाएलेंनी नियम सांगितला आणि उभं राहून अंगठ्याला निकाल ऐकवला. तुला काही म्हणायचं आहे का, असंही विचारलं. चटईचा भार सहन न होऊन उलुफालेंच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगठ्याला पश्चात्ताप झाला, अशी नोंद सर्वांनी मनात घेतली.

मोएलागीही सोबत गेली. मळ्यावर अळूचे कंद, केळी, पपई आणि झऱ्याचं पाणी होतं. पहारेकऱ्याचं काम उलुफालेंनी फार मनावर घेतलं. रोज सकाळी ते "गीळ मुकाट्याने!" असं अंगठ्याला दरडावत आणि गोळी स्वतःच्या तोंडात टाकत. सूज उतरली. तेलेसिया वर येऊन रक्त घेऊन गेली आणि निकाल घेऊन परत आली.

"जे गेलं ते गेलं, काका. पण घसरण थांबलीय. हे असंच चालू ठेवा. खाली उतरलात, तर मी काही सांगू शकत नाही."

त्याच आठवड्यात सगळे प्रमुख धापा टाकत डोंगर चढून आले. सोबत अख्खं भाजलेलं डुक्कर होतं.

"गावाने अंगठ्याला माफी दिली आहे!" लाफाएले गरजले. "चला परत! हा त्याच्या स्वागताचा मान!"

चरबीचा वास मळाभर पसरला. मोएलागी चुलीपाशी कंद सोलत बसली होती. उलुफालेंनी डुकराच्या पाठीकडे बघितलं. मग बायकोकडे बघितलं.

"त्याला माफी नको आहे," ते म्हणाले.

"कुणाला?"

"अंगठ्याला. आपण अजून शिक्षेलाच पात्र आहोत, म्हणतो."

"हे तो तुम्हाला म्हणाला?"

"मी पहारेकरी आहे. त्याचं मलाच कळतं."

प्रमुखांनी डुक्कर पुन्हा खांद्यावर घेतलं आणि ते कुरकुरत उताराला लागले. लाफाएले मात्र काठीवर जोर देऊनही उठेनात.

"काय झालं?" मोएलागीने विचारलं.

"गुडघा," ते खालच्या आवाजात म्हणाले. "रात्रभर पेटलेला असतो. याला पण ठेवून घ्याल का?"

"त्याने काय गुन्हा केलाय?"

"अजून तरी काही नाही. पण वाट कशाला बघायची?"

मोएलागीने आणखी दोन कंद सोलायला घेतले.